उन्हातली हिरवी पानं

१

एकतीस वर्षं मी नुराता गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं. त्यामुळे एखादं पान चुकीचं दिसलं की मी आधी कारण शोधते, घाबरायचं नंतर. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकलं की लोक म्हणतात, निवृत्तीनंतर बिबिसोराचं डोकं रिकामं झालं.

आमच्या अंगणाच्या उत्तरेच्या भिंतीला लागून माझा वाफा आहे. बावीस पावलं लांब. वाफा संपतो तिथून चार पावलांवर घराचं दार. त्या भिंतीवर सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ऊन असतं. मधे ना झाड, ना छप्पर. तिथे मी फक्त रुपेरी पानांची झाडं लावते. सगळ्यात जास्त शुवाक, म्हणजे आमच्या माळावरचा रानदवणा. बोटांत चुरला की दिवसभर हाताला कडसर वास राहतो. मधे मधे निळ्या तुऱ्यांची झुडपं, कडेला कोकराच्या कानासारख्या मऊ पानांची बुटकी रोपं, आणि दाराकडच्या टोकाला समरकंदच्या मैत्रिणीने दिलेलं लव्हेंडर. एकदा लावली की ही झाडं वर्षानुवर्षं टिकतात. त्यांना ऊन हवं, बाकी काही नको. पाणी जास्त झालं तर उलट रुसतात.

रोज सकाळी चहाआधी मी छोटी सुरी घेऊन वाफ्यावरून फिरते. वाळलेलं कापायचं, वाकलेलं सरळ करायचं. माझे यजमान रोझिमात अंगणातल्या तपचानवर, म्हणजे बसायच्या मोठ्या लाकडी पलंगावर, गादी टाकून बसलेले असतात. चाळीस वर्षं बस चालवली, आता बसल्या जागेवरून मला चालवतात.

"झाली का हजेरी, मास्तरीणबाई? सगळी पोरं आली?"

"आली. तुमच्यासारखा एकही आळशी नाही त्यांच्यात."

एप्रिलमधल्या एका सकाळी मात्र मी उत्तर दिलं नाही. भिंतीच्या पार पलीकडच्या टोकाला, दारापासून सगळ्यात लांबच्या शुवाकाला नवी पालवी फुटली होती आणि ती हिरवी होती.

रुपेरी पान मुळात हिरवंच असतं. त्यावर बारीक पांढरी लव असते, तिच्यामुळे कडक ऊन परत फिरतं. सावलीत फुटलेल्या पानाला लवेची गरज नसते, म्हणून ते हिरवं राहतं. पाणी फार झालं तरी थोडंफार तसंच होतं. त्या टोकाला सावली येणं शक्य नव्हतं. म्हणजे पाणी. म्हणजे कुणीतरी पाणी घालत होतं. मुलगा खाणीवर गेलेला, घरात आम्ही मोठी माणसं तीनच. मी घालत नव्हते. रोझिमात स्वतःचा पेलासुद्धा विसळत नाहीत.

राहिली सून.

२

हुल्कार नवोई शहरातली. चौथ्या मजल्यावरच्या घरात वाढलेली. माझा मुलगा जासुर खाणीवर ट्रक चालवतो, पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस घरी. मला ती ओयी म्हणते, म्हणजे आई. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात म्हणाली होती, "ओयी, एवढ्या उन्हात टोमॅटो काय सुरेख येतील!" मी हसले होते. विसरले नव्हते.

आता तिच्या कडेवर पाच महिन्यांचा बेक्झोद होता, आणि सासू-सुनेत गोडीगुलाबी होती. निदान वरून.

"हुल्कार, भिंतीकडे चहाचा चोथा टाकतेस का गं?"

"नाही ओयी."

"बाळाचे कपडे धुतलेलं पाणी?"

"ते बाहेरच्या पाटात ओतते. तुम्हीच सांगितलंय ना."

"मग त्या कोपऱ्यात ओल कुठून आली?"

"मला काय माहीत? तुमच्या झाडांना हात लावायची माझी छाती आहे का?"

बोलताना तिने नजर वळवली. ती नजर मला खटकली. वर्गात अशी नजर मी हजार वेळा पाहिली होती. गृहपाठ केलेला नसतो तेव्हाची.

मी खुरपं घेऊन त्या झाडाशी खणलं. हातभर खोल माती पिठासारखी कोरडी. शहाण्या बाईने इथेच थांबायला हवं होतं. मी म्हटलं, पोरगी हुशार आहे. मी दुपारी आडवी होते तेव्हा घालत असेल, सकाळपर्यंत सुकत असेल. मग मी चुलीतली राख चाळून झाडाभोवती पसरली. तीन दिवस रोज बघितली. चिमण्यांची पावलं होती, एका मांजराची होती. माणसाची नव्हती.

तरी मी तिला पाण्यातच पाहत राहिले.

३

मे महिन्याच्या सुरुवातीला मी हिरव्या फांद्यांना लाल लोकरीचा धागा बांधला. बारा दिवसांनी लाल धाग्याच्या झाडाला पुन्हा रुपेरी शेंडे फुटले होते. आणि त्याच्या शेजारचं झाड, जे आतापर्यंत पांढरं स्वच्छ होतं, ते हिरवं झालं होतं.

रोग असा वागत नाही. रोग पसरतो, मागचं झाड बरं करून पुढे जात नाही.

मी काठ्या रोवून मोजलं. हिरवा पट्टा दोन हात रुंद होता आणि त्याची कड सुरीने कापल्यासारखी सरळ. एकाच झाडाची डावीकडची पानं रुपेरी, उजवीकडची हिरवी. बारा दिवसांत एक पाऊल सरकला. पुढचं पाऊल नऊ दिवसांत. दाराकडे.

मग माझा संशय शेजाऱ्यावर गेला. नोर्बुता पत्रेकाम करतो. हिवाळ्यात त्याने आपल्या घरावर नवा पत्रा घातला होता. मी त्याला बोलावून घेतलं.

"ओपा, माझा पत्रा तुमच्यावर सावली टाकतो म्हणता?" तो हसत हसत आत आला. मला तो ओपा म्हणतो, म्हणजे ताई. "अहो, माझा पत्रा मलाच सावली देत नाही. आत भाजून निघतो आम्ही."

"तरी बघू."

"बघू. मास्तरीणबाईंनी सांगितल्यावर न बघून करतो काय! तुमच्या हातची छडी अजून आठवते माझ्या थोरल्याला."

आम्ही सकाळपासून खडूने खुणा करत बसलो. पत्र्याची सावली, भिंतीची सावली, विजेच्या खांबाची सावली. एकही वाफ्याच्या जवळपास फिरकली नाही. दुपारी बाराला रोझिमातनी चहा ओतला, दस्तरखानाच्या कापडावर नान मोडून ठेवला. नोर्बुताने तुकडा हातात घेतला आणि सहज जाता जाता वाफ्याशी उकिडवा बसला. ओल बघायला म्हणून त्याने दुसरा हात हिरव्या पानांत घातला.

हात तिथेच राहिला. मग त्याने तो हळूच काढून घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला.

"ऊन आहे," तो म्हणाला.

"ते मलाही दिसतंय."

"नाही, म्हणजे... दिसतंय ना. तेच म्हणतोय मी."

तो उठला, हातातला नानचा तुकडा परत दस्तरखानावर ठेवला आणि फाटकातून निघून गेला. सव्वीस वर्षांचा शेजार, पण ओतलेला चहा टाकून तो कधी गेला नव्हता.

"याला काय झालं?" रोझिमात म्हणाले. "पत्र्याचे पैसे मागशील असं वाटलं की काय?"

माझ्या मनात आलं, काहीतरी लपवतोय हा. रोझिमात आत गेल्यावर मीही तिथे हात घातला.

ऊन हातावर पडत होतं. शिर न् शिर दिसत होती. बोटांची सावली मातीवर काळीकुट्ट उमटली होती. आणि हाताला ऊन लागत नव्हतं. गार म्हणजे थंड नव्हे. दुपारी तुतीच्या झाडाखाली बसल्यावर लागतं तेवढंच. वीतभर बाजूला नेला तर चटका बसला. परत आणला, गार.

मी वहीत लिहिलं: 'हिरवी पानं जास्त बाष्प सोडतात, त्यामुळे आजूबाजूची हवा थंड होते.' हे मीच मुलांना शिकवत असे. वाक्य बरोबर होतं. मी ते तीनदा वाचलं.

४

मेच्या अखेरीस एकदा मी बाजारातून भर दुपारी परतले. फाटक ढकललं आणि हातातली पिशवी गळून पडली.

बेक्झोदचा पाळणा अंगणात होता. वाफ्याला लागून, रणरणत्या उन्हात. वरचं कापड दुमडून मागे टाकलेलं, मूल पट्ट्यांनी बांधलेलं, ऊन सरळ तोंडावर. हुल्कार शेजारी छोट्या स्टुलावर बसून वाटाणे सोलत होती.

"वेडी झालीस का? मारतेस का पोराला?"

"हळू बोला ओयी, झोपलाय."

"उन्हात?"

"हात लावून तर बघा."

मी त्याच्या कपाळाला हात लावला. घामाचा थेंब नव्हता. कपाळ गार, अंग गार, श्वास संथ.

"किती दिवस चाललंय हे?"

"एप्रिलपासून. तुम्ही दुपारी झोपता तेव्हा. घरात तो किरकिर करतो, इथे ठेवला की गप्प होतो. इथे गारवा आहे ना. आधी पार त्या टोकाला होता, मग सरकत सरकत इथे आला."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तुम्ही विचारलंत, पाणी घालतेस का. गारव्याचं कुठे विचारलंत?" ती मान खाली घालून वाटाणे सोलत राहिली. "सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, पोर झाडं तुडवते. मला वाटलं, तुम्ही इथे काहीतरी लावलंय त्याचाच गुण असेल. तुम्ही शिकलेल्या."

पिशवीतल्या चेरी जमिनीवर घरंगळल्या होत्या, त्या मी वेचू लागले. हाताला काम हवं होतं.

"रडत नाही का तो?"

"इथे? छे. जागा असला तरी नाही. वर बघतो आणि हसतो." मग ती म्हणाली, "एक गंमत सांगू? आधी मी पाळणा गारव्यात न्यायचे. आता मी पाळणा कुठेही ठेवते. थोड्या वेळाने गारवा तिथे येतो."

तिने हे हसून सांगितलं. मी मात्र त्यानंतर जे बोलले ते आठवलं की आजही जीभ चावते. माझ्या अंगणात काय घेऊन आलीस, असं मी तिला विचारलं. तुझ्या माहेरचं हे काय आहे, असंही. ती आधी ऐकत राहिली, मग पाळणा उचलून आत गेली. रोझिमात चहाखान्यातून परत आले तेव्हा ती भावाला फोन करून मोकळी झाली होती.

"उद्या दुपारी दादा गाडी घेऊन येतोय, बाबा. थोडे दिवस जाऊन येते."

रोझिमातनी माझ्याकडे पाहिलं. "शाब्बास, मास्तरीणबाई," एवढंच म्हणाले.

५

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाटाकाठच्या पॉपलरच्या झाडांचा कापूस उडत होता. दरवर्षी त्या दिवसांत उडतो. अंगणात, चहात, डोळ्यांत, सगळीकडे.

हुल्कार आत सामान बांधत होती. मी रिकामा पाळणा उचलून बाहेर आणला. मला स्वतःला पटवून द्यायचं होतं की पोरगी थापा मारते. पाळणा मी लव्हेंडरपाशी ठेवला, दारापासून जेमतेम पाच पावलांवर. हिरवा पट्टा तिथून बराच मागे होता. वरचं कापड होतं तसं ओढून ठेवलं, म्हणजे आत काय आहे ते दिसू नये. मग तपचानवर जाऊन बसले. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. वारा पडलेला. कुठे कोंबडंसुद्धा आरवत नव्हतं.

कापूस भिंतीवरून सावकाश खाली येत होता. मातीवर बसत होता, झाडांवर बसत होता. पाळण्यावर बसत नव्हता.

आधी मला ते कळलंच नाही. मग दिसलं की पाळण्याच्या वर, हवेत, कापसाचे चार-पाच पुंजके थांबले आहेत. वाऱ्याने थांबावेत तसे नव्हे. टेकले होते. आणखी एक आला, घसरला, थोडा खाली येऊन टेकला. मग त्याच्या खाली आणखी एक. मी मोजत गेले. मोजलं की डोकं ताळ्यावर राहतं. अकरा. पंधरा. त्यांची एक कमान झाली होती. ती माझ्या डोक्याहून हातभर उंच सुरू होत होती आणि पाळण्याच्या कापडापाशी संपत होती.

पाठ म्हणू का तिला? कुणीतरी पाळण्यात डोकावायला वाकलं की पाठीची जशी होते तशी ती होती, पण माणसाची पाठ तिथे संपली असती त्याच्या बरीच पुढे गेलेली.

पाळण्यावरचं कापड मधोमध किंचित दबलं. पुन्हा वर आलं.

आणि मग ते पुंजके वर चढू लागले. एकामागून एक, घाई न करता. कमान सरळ होत गेली. सगळ्यात वरचा पुंजका भिंतीच्या वर गेला, तिथून निसटला आणि उडून गेला.

"ओयी, दादा आलाय, गाडी मागच्या गल्लीत लावलीय," म्हणत हुल्कार दारात आली. बेक्झोद तिच्या कडेवर होता. उन्हात आल्याबरोबर त्याने डोळे मिचकावले, मग मान वर केली. तिच्या डोक्याच्या वर, दाराच्या चौकटीच्याही वर, तो कुठेतरी बघत होता. हसला. आणि त्याने दोन्ही हात वर पसरले, उचलून घे म्हणून मुलं पसरतात तसे.

"बघा," हुल्कार म्हणाली, "आलं की नाही गार?"

मी कशी धावले मला आठवत नाही. दोघांनाही आत ढकललं, दार लावलं, आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. फळीतून माझ्या पाठीला हळूहळू थंडावा लागत होता.

६

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने मी त्यांना गाडीत बसवलं. सामान अर्धं राहिलं. खिडकीची काच खाली करून हुल्कार म्हणाली, "काय दिसलं तुम्हाला?"

"कापूस."

"खरं सांगा."

"मला माफ कर, पोरी. तू खोटं बोलत नव्हतीस. आता भावाला सांग, गाडी सोड."

वाटेत बेक्झोद रडायला लागला. नवोईला पोचला तरी रडतच होता, दोन दिवस रडला. फोनमधून तो आवाज ऐकताना मला हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी तो दूध प्यायला आणि बाकीच्या मुलांसारखा झाला.

रोझिमातना मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. "उपटून टाक ती झाडं," म्हणाले. "दृष्ट काढायचा इसिरिकचा पाला जाळून अंगणाला धुरी दे, आणि विटा घाल सगळीकडे."

"विटा घातल्या तर दिसेल कसं?"

"काय दिसेल?"

"कुठे आहे ते."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच खुरपं घेऊन माळावर गेले आणि पोतंभर शुवाकाची रोपं घेऊन आले. आम्ही सगळं अंगण लावून काढलं. पायऱ्यांवर कुंड्या, फाटकाशी कुंड्या, गच्चीवर कुंड्या. तपचान मोडून तिथेही लावलं. जून अख्खा दाराच्या उंबऱ्याशी हिरवं राहिलं. आम्ही मागच्या दाराने ये-जा करत होतो. जुलैत हिरवं अंगणभर गोल गोल फिरलं, जिथे जिथे कधी पाळणा ठेवला होता तिथे तिथे. ऑगस्टमध्ये फाटकाजवळची कुंडी हिरवी झाली. रोज सकाळी मी वहीत लिहीत होते. सवयीने माणूस कशाबरोबरही राहू शकतं, हे मला त्या तीन महिन्यांत कळलं. ते कुठे आहे हे ठाऊक असलं की बाकीचं घर आपलं असतं.

सप्टेंबरच्या अकरा तारखेला मी फिरून आले आणि पुन्हा फिरले. मग रोझिमातना हाक मारली. त्यांनी गच्चीसुद्धा तपासली. एकही हिरवं पान नव्हतं. अंगण या टोकापासून त्या टोकापर्यंत रुपेरी, निळे तुरे वर काढलेलं. नोर्बुता भिंतीवरून डोकावून म्हणाला, "ओपा, असं अंगण मी जन्मात पाहिलं नाही." चहाला मात्र आला नाही.

दुपारी जासुरचा फोन आला. खाणीवरून सुटून सासुरवाडीला पोचला होता.

"आई, बाबा म्हणाले झाडं बरी झाली."

"झाली."

"सगळी?"

"सगळी."

"मग शुक्रवारी दोघांना घेऊन येऊ ना घरी? हुल्कारही हो म्हणतेय."

रोझिमात माझ्या तोंडाकडे बघत होते. अंगणात इतकं लख्ख ऊन होतं की डोळे दिपत होते, आणि मला वही उघडून लिहायला काही नव्हतं. ते आता कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"आणू नकोस," मी म्हटलं. "फोन हुल्कारला दे."

तिच्याशी मी फार बोलले नाही. सकाळच्या बसने येते म्हणाले. बरोबर शुवाकाच्या सहा कुंड्या आणते, गॅलरीत सगळ्यात जास्त ऊन येतं ती जागा मोकळी करून ठेव.

मागे कुठेतरी भांडं वाजलं, कुणीतरी रेडिओ बंद केला.

"ठेवते," ती म्हणाली. "आणि ओयी, ठेवल्यावर कळायला किती दिवस लागतात?"

"बारा," मी म्हटलं. "कधी कधी नऊ."